‘ही’ म्हणजे नक्की कोण?

“मॅडम, मी लालबागला राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. गेली तीन वर्षं बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याच्या ऑफिसात आहे. पार्टीला, ट्रान्सपोर्टरला आणि आमच्या बाहेरच्या माणसांना ईमेल करायचं काम माझ्याकडे असतं. गेल्या महिन्यात न्हावाशेवा बंदराजवळच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर ठेवायच्या गोदामात, कंटेनरची तपासणी होती. आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना मेल टाकला: ‘मिस्टर सावंत हॅज मेट मिस्टर कदम अँड गिव्हन हिम द फाइल. ही विल बी ॲट द सीएफएस बाय टेन.’ सावंतांना वाटलं कदम जाणार, कदमांना वाटलं सावंत जाणार. कोणीच गेलं नाही. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली, एका दिवसाचं जादा भाडं पडलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, तुझं ग्रामर कच्चं आहे. मी तोच मेल कॉम्प्युटरवर ग्रामर तपासायला घातला, तर एकही चूक निघाली नाही! दादरला स्पोकन इंग्लिशचा एक क्लास आहे, फी बरीच आहे. लावू का? सावंत साहेबांशी बोलले आहेत, भाड्याचे पैसे आता ते भरणार आहेत, पण माझ्या मनाला फार लागलंय.”
– एक लालबागकर

प्रिय लालबागकर,

क्लास लावू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको.

तुझा मेल मी तीनदा वाचला. व्याकरणाची चूक त्यात खरंच नाही. कॉम्प्युटर खोटं बोलला नाही आणि साहेबांचा संतापही खोटा नाही, कारण भाडं तर पडलंच. वाक्याची बांधणी ठीक आहे की नाही, एवढंच ते ग्रामर तपासणारं यंत्र बघतं. ‘ही’ म्हटल्यावर सकाळी कोणी डबा भरून घ्यायचा आणि कोणी घरी बसायचं, हे बघायला ते बांधील नाही.

एक गंमत जाता जाता. हा शब्द देवनागरीत लिहिला की ‘ही’ वाचून आधी कोणीतरी बाई डोळ्यांसमोर येते, आणि ‘शी’ वाचून नाक मुरडावंसं वाटतं. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा आम्ही बाकाखाली तोंड घालून यावर हसायचो. बाई रागवायच्या. आज वाटतं, त्या हसण्यात थोडं तथ्य होतं. हे शब्द आपल्या कानाला अजून पुरते परके आहेत, आणि आपण मात्र ते घरच्यासारखे वापरतो.

आता मूळ दुखणं. मराठीत मूळ सर्वनामं नऊ. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला झोपेतून उठवून विचार, ती घडाघडा म्हणून दाखवेल: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. आणि न विचारता पुढचंही सांगेल, की यातली तो, हा आणि जो ही तीन लिंगाप्रमाणे बदलतात. तो-ती-ते, हा-ही-हे, जो-जी-जे. एका मार्काचा प्रश्न म्हणून आपण हे पाठ करतो आणि विसरतो. पण सकाळपासून रात्रीपर्यंत आपलं सगळं बोलणं या तिघांच्या जिवावर चाललेलं असतं, कारण मराठीत निर्जीव वस्तूंनाही लिंग आहे. फाइल ती, चेक तो, बिल ते. ‘चेक फाइलमध्ये ठेवला होता, पण ती सापडत नाही’ म्हटलं की काय हरवलंय ते विचारावं लागत नाही. हेच इंग्रजीत कर. चेकही ‘इट’, फाइलही ‘इट’. हरवलं काय, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं.

आमच्या सोसायटीत गेल्या मे महिन्यात काय झालं ऐक. सेक्रेटरींनी लिफ्टच्या दाराशी इंग्रजी नोटीस चिकटवली: द लिफ्ट अँड द वॉटर पंप विल बी सर्व्हिस्ड ऑन संडे. इट विल बी शट फ्रॉम टेन टू टू. निम्म्या बिल्डिंगने शनिवारी रात्रीच पिंप, बादल्या, कळशा भरून ठेवल्या. उरलेल्या निम्म्या मंडळींनी रविवारची मंडई नऊच्या आत उरकली. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी दोन्ही केलं आणि दुपारी आडवे झाले. बंद राहिली ती लिफ्ट. पंप बिचारा अर्ध्या तासात तपासून झाला होता. हीच नोटीस सेक्रेटरींनी मराठीत लिहिली असती तर ‘ती दहा ते दोन बंद राहील’ असं आपसूक लिहून गेले असते आणि कोणाला बादली शोधावी लागली नसती.

सेक्रेटरींना मी हसले नाही, कारण याच खड्ड्यात मी त्यांच्या आधी चाळीस वर्षं पडलेली आहे.

फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात मी नवीन लागले होते. मीही मराठी माध्यमाचीच, गिरगावातली. एका ट्रकच्या दाव्याचं पत्र मला लिहायला दिलं. मी टाइप केलं: द लॉरी हिट द फॅक्टरी गेट अँड इट वॉज बॅडली डॅमेज्ड. मला वाटलं, काय झोकदार वाक्य झालंय. हेडक्लार्कांनी ‘इट’भोवती पेन्सिलीने गोल करून पत्र परत पाठवलं. मी फणकाऱ्याने त्यांच्या टेबलाशी गेले, यात चूक काय म्हणून. ते म्हणाले, “बाई, काय मोडलं?” मी म्हटलं, “गेट मोडलं.” ते म्हणाले, “तुम्ही ‘मोडलं’ म्हणालात म्हणून मला कळलं. लॉरी असती तर ‘मोडली’ म्हणाला असतात. आता या कागदावर तुमचा तो ‘लं’ कुठे आहे तेवढा दाखवा.”

मी तशीच उभी राहिले. कागदावर ‘लं’ नव्हता. तो माझ्या डोक्यात होता.

आणि हा शब्दांचा खेळ नव्हता बरं. गाडीच्या विम्यात दोन कप्पे असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्याचा विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा ज्याने त्याने हवा तर घ्यायचा. गेट मोडलं तर पैसे एका कप्प्यातून, लॉरी मोडली तर दुसऱ्या. गाडीमालकाने दुसरा कप्पा घेतलेलाच नसेल तर त्याला त्यातून दमडीही नाही. दोन अक्षरांच्या ‘इट’वर एवढं अवलंबून होतं, आणि मी ते झोकात लिहून मोकळी झाले होते.

तेव्हा तुझं इंग्रजी कच्चं नाही. तू मेल लिहितेस तेव्हा मनात मराठी चालू असतं आणि मनातल्या मराठीत सगळं लख्ख असतं. कागदावर उतरताना ते ‘ला’, ‘ली’, ‘लं’ गळून पडतात आणि लिहिणाराच्या ते लक्षात येत नाही, कारण वाचतानाही आपण मनातलंच वाचतो. वाचणाऱ्याच्या हातात मात्र फक्त कागद.

आता तू म्हणशील, माझ्या मेलमध्ये कुठे लिफ्ट आणि पंप होते? दोन पुरुष होते. मराठीतही ‘ते दहाला पोचतील’ असंच झालं असतं. बरोबर आहे. मराठी काही सगळीकडे धावून येत नाही. दोन पुरुष, दोन बायका, किंवा आदरार्थी ‘ते’ असले की मराठीतही गोंधळ होतोच. पण तिथे आपण नकळत दुसरी वाट काढतो. ऑफिसात तू तोंडी काय म्हणाली असतीस? ‘सावंत कदमांना म्हणाले, की तुम्ही दहाला पोचा’. किंवा ‘सावंत कदमांना म्हणाले, की मी दहाला पोचतो’. आपल्याकडे ‘की’ लावून बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवायची सोय आहे. मी असेल तर सावंत, तुम्ही असेल तर कदम. संपला विषय. शाळेत मात्र ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’चा घोटून घोटून सराव करून घेतलेला. त्यात ‘मी’चा ‘ही’ होतो आणि ‘तुम्ही’चाही ‘ही’च होतो. सावंत टोल्ड कदम दॅट ही वुड बी देअर बाय टेन. मार्क पूर्ण मिळतात, माणूस मात्र पोचत नाही.

इंग्रजीतही यावर उपाय आहे आणि सोपा आहे. ‘दॅट ही’ टाकून दे. सावंत टोल्ड कदम टू बी देअर बाय टेन, म्हणजे जायचंय कदमांनी. सावंत प्रॉमिस्ड कदम टू बी देअर बाय टेन, म्हणजे जाणार सावंत. एक ‘टोल्ड’ आणि एक ‘प्रॉमिस्ड’, एवढ्यावर माणूस बदलतो, आणि ‘ही’ची गरजच उरत नाही. हे मला कुठल्या क्लासात नाही, त्या हेडक्लार्कांच्या पेन्सिलीखाली कळलं.

‘हिज’ हा ‘ही’चाच भाऊ. सावंत फरगॉट टू गिव्ह कदम हिज पास. कोणाचा पास? मराठीत ‘आपला पास’ म्हटलं की सावंतांचा स्वतःचा, ‘त्यांचा पास’ म्हटलं की कदमांचा. आपल्या ‘आपला’ला इंग्रजीत एका शब्दाचा प्रतिशब्द नाही. ‘हिज ओन’ लिहावं लागतं, नाहीतर सरळ ‘कदम्स पास’ लिहावं. संकोच कसला?

आता जिथे खरे पैसे बुडतात तिथे येते, कारण तुझं ऑफिस क्लिअरिंगचं आहे आणि तुझ्या मेलांमध्ये हा शब्द दिवसातून वीसदा येत असणार. ‘वुई’. कंटेनर वेळेत परत गेला नाही, डिटेन्शन म्हणजे त्या उशिराचं भाडं लागलं, आणि तू पार्टीला लिहिलंस: वुई विल हॅव टू पे द डिटेन्शन. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि त्या दोहोंमध्ये अख्खं बिल मावतं. ‘आम्ही भरू’ म्हणजे एजंटने खिशात हात घालायचा. ‘आपण भरू’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून, आणि धंद्याच्या बोलीत त्याचा अर्थ बहुतेकदा ‘तुम्ही भरा, आम्ही फक्त जाऊन देऊन येतो’ असा असतो. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असे दोन आहेत, त्यामुळे मस्जिद बंदरच्या गुजराती व्यापाऱ्याला हा फरक तोंडी सांगावा लागत नाही. इंग्रजी ‘वुई’त मात्र तो बुडतो. तू ‘आपण’ मनात धरून लिहितेस, समोरचा ‘आम्ही’ असं वाचतो आणि महिन्याच्या शेवटी बिलावर भांडण. म्हणून पैशाच्या वाक्यात ‘वुई’ लिहूच नकोस. अवर ऑफिस विल पे, युवर कंपनी विल पे, काय असेल ते नावानिशी.

आदराचाही एक खास आपला घोळ आहे. साहेबांना आपण ‘ते’ म्हणतो. मग मेलमध्ये हात आपोआप ‘दे’कडे जातो: सर इज नॉट इन द ऑफिस टुडे, दे विल कम टु यू टुमॉरो. समोरच्याने दुसऱ्या दिवशी पाच-सहा जणांचा चहा सांगून ठेवला आणि साहेब एकटेच गेले, असं घडलेलं मला ठाऊक आहे. साहेब खुश झाले म्हणे, एवढा पाहुणचार पाहून.

पण याच ‘दे’बद्दल घाबरून टोकालाही जाऊ नकोस. माणूस एकच आहे पण पुरुष की स्त्री ते माहीत नाही, अशा वेळी एकवचनी ‘दे’ चालतं का, असं मला बरेच जण विचारतात. चालतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात त्याचे दाखले १३७५ पर्यंत मागे जातात, आणि मेरियम-वेबस्टरने २०१९ साली ‘दे’ हाच वर्षाचा शब्द ठरवला होता. ‘द सर्व्हेयर विल कॉल व्हेन दे रीच’ यात काही गैर नाही. फक्त त्याच वाक्यात ‘द लेबरर्स’ही असतील तर फोन सर्व्हेयर करणार की हमाल, ते सांगून टाक. नियम वेगळा आणि सोय वेगळी.

‘दे’चा आणखी एक प्रकार आहे तो मात्र मला अजिबात चालत नाही. दे सेड कम टुमॉरो. दे आर आस्किंग फॉर वन मोअर कॉपी. हे ‘दे’ कोण? मराठीत आपण कर्ता गिळून ‘उद्या या म्हणाले’ असं म्हणतो आणि बोलताना ते शोभतं, कारण ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की तू आत्ता कुठल्या खिडकीवरून येते आहेस. मेल वाचणारा मुलुंडला बसलेला असतो. त्याला खिडकी दिसत नाही. शिपिंग लाइनचा काउंटर म्हणाला, की कस्टम्सचा अधिकारी, की सीएफएसचा गेटवाला, यावर त्याने पुढचा फोन कोणाला लावायचा ते ठरतं.

यापुढचा शब्द माझा जुना वैरी आहे, त्यामुळे थोडी जास्त बोलेन. ‘द सेम’. प्लीज फाइंड अटॅच्ड द इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट अँड ऑथॉरिटी लेटर. काइंडली साइन द सेम अँड रिटर्न द सेम. फोर्टपासून अंधेरीपर्यंत एकही ऑफिस यातून सुटलेलं नाही. लोकांना वाटतं हे भारदस्त इंग्रजी आहे. प्रत्यक्षात हा ‘इट’च आहे, टाय घातलेला. सही कशावर हवी? तिन्हींवर की फक्त ऑथॉरिटी लेटरवर? परत काय पाठवायचं? मूळ कागद की स्कॅन? पार्टी तिन्ही कागदांवर सह्या ठोकून पाठवते, नाहीतर चिडून एकावरही करत नाही. ‘प्लीज साइन द ऑथॉरिटी लेटर अँड सेंड अस द ओरिजिनल’ यात टाय नाही, पण काम होतं. माझं ऐकशील तर महिनाभर ‘द सेम’ हा शब्द उपासाला लाव. काही अडत नाही, बघ.

वकिलांची नक्कलही करू नकोस. करारांमध्ये ‘द सेड’, ‘हिअरइनआफ्टर रेफर्ड टू ॲज’ असलं पाहून काहींना वाटतं ती ऐट आहे. ऐट नव्हे, भीती आहे. सर्वनामावरून उद्या कोर्टात वाद नको म्हणून ते दर वेळी नाव लिहितात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या १३ व्या कलमात तर लिहूनच ठेवलंय, की कायद्यात पुल्लिंगी शब्द आला तरी त्यात स्त्रिया धरायच्या, आणि एकवचनात अनेकवचन. म्हणजे ‘ही’त आपण सगळ्या बसतो. पण कदम आणि सावंत यांच्यात कोण, हे ते कलमही सांगू शकत नाही. वकिलांची नावं पुन्हा लिहायची सवय घे, त्यांचे शब्द घेऊ नकोस.

‘धिस’ आणि ‘विच’चं थोडक्यात. द लाइन डिलेड द पेपर्स अँड द ऑफिसर वाँटेड अ फ्रेश सर्टिफिकेट. धिस कॉस्ट अस टू डेज. उशिरामुळे दोन दिवस गेले की सर्टिफिकेटमुळे? ‘धिस’ला कधी एकटं सोडायचं नाही, पाठीमागे एक नाम लावून द्यायचं: धिस डिले, धिस डिमांड. स्वल्पविराम देऊन आलेल्या ‘विच’चंही तेच. वुई पेड द फाइन, विच वॉज राँग. दंड चुकीचा होता की भरणं चुकीचं होतं? शंका आली की वाक्य तोड आणि दोन कर.

तू कॉम्प्युटरचा दाखला दिलास म्हणून एक सांगते. १९७२ साली टेरी विनोग्राड या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने एक वाक्य पुढे ठेवलं. त्याचा मराठी अवतार असा: नगरपित्यांनी निदर्शकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती होती. ‘त्यांना’ म्हणजे? नगरपित्यांना. आता शेवट बदल: कारण ते हिंसाचाराची भाषा करत होते. ‘ते’ आता निदर्शक झाले. आझाद मैदानातला मोर्चा पाहिलेल्या कुठल्याही मुंबईकराला हे कळायला क्षण लागत नाही, पण कळतं ते व्याकरणातून नाही. परवानगी कोण देतं, मागतं कोण, घाबरतं कोण, हे आपल्याला जगण्यातून ठाऊक असतं. यंत्राला ते कळतं का, हे जोखायला पुढे अशाच वाक्यांची एक चाचणी केली गेली आणि तिला विनोग्राडचंच नाव मिळालं. आताची यंत्रं अशी वाक्यं पुष्कळदा बरोबर ओळखतात. पण तुझ्या मेलमध्ये ओळखायला होतं काय? सावंतही जाऊ शकले असते, कदमही. तिथे यंत्र काय आणि माणूस काय, दोघंही छापा-काटाच करणार. सावंत-कदमांनी तेच केलं, आणि दोघांच्याही नाण्यावर समोरच्याचं नाव आलं.

करायचं काय ते आता सांगते. पंधरा दिवस, महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी त्याची प्रिंट काढ. कागद वाया जातो म्हणून ऑफिसात कुरकुर झाली तर पाठकोरे वापर. पेन्सिल घे. प्रत्येक ही, शी, इट, दे, वुई, हिज, धिस, विच आणि द सेम भोवती गोल कर आणि त्यातून मागे बाण काढ, ज्या नामाबद्दल तो शब्द आहे तिथपर्यंत. बाण एकाच नामावर गेला तर ठीक. दोन नामांवर जाऊ शकत असेल तर गोलातला शब्द खोडून नाव लिही. आणि बाण कुठेच जात नसेल, कारण ते नाम मेलमध्ये नाहीच, फक्त तुझ्या डोक्यात किंवा कालच्या फोनवर आहे, तर ती सगळ्यात मोठी गडबड समज. पहिल्या दिवशी कागदाचं कोळ्याचं जाळं होईल. आठवड्याने बाण मनातल्या मनात निघायला लागतील. प्रिंट काढायला वेळच नसेल, लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवरून मेल टाकत असशील, तर निदान शेवटून सुरुवातीकडे एकेक वाक्य सुटं सुटं वाच. सुटं वाचलं की मागच्या वाक्याचा आधार जातो आणि लोंबकळणारा ‘ही’ लगेच दिसतो.

तुझाच मेल घे. ‘मिस्टर कदम विल बी ॲट द सीएफएस बाय टेन. मिस्टर सावंत हॅज गिव्हन हिम द फाइल.’ वाक्यांची अदलाबदल केली, जाणाऱ्याचं नाव आधी आणलं. ‘हिम’ राहू दिलंय बघ, कारण सावंत स्वतःलाच फाइल देणार नाहीत, बाण एकच. सगळी सर्वनामं हद्दपार करायची नाहीत, नाहीतर मेल वाचताना हजेरी घेतल्यासारखं वाटेल.

नाव पुन्हा लिहायला तुझा हात अडखळणार, हे मला माहीत आहे. निबंधाच्या वहीत ‘पुनरुक्ती टाळा’ असा लाल शेरा आपण सगळ्यांनी खाल्लाय. ‘माझी आई’ या निबंधात आई शब्द वीस वेळा आला की बाई मार्क कापायच्या. पण सीएफएसच्या मेलला मार्क नसतात. कदम, कदम, कदम असं तीनदा आलं तर वाचायला थोडं रुक्ष होईल, पण कदम दहाला गेटवर असतील.

साहेबांचं काय? त्यांनी चारचौघांत बोलायला नको होतं, हे माझं मत. पण मेलचा दोष तुझा होता, तो मान्य करून टाक, आणि ‘माझं इंग्रजी वाईट आहे, सॉरी’ असं गुळमुळीत नको. ‘ही कोण ते मी लिहिलं नव्हतं, यापुढे जाणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर पहिल्या ओळीत असेल’ असं नेमकं सांग. आणि मनातल्या मनात हेही धरून चाल, की न्हावाशेव्याला जायच्या आदल्या रात्री दोन मोठ्या माणसांपैकी एकानेही दुसऱ्याला फोन केला नाही. ते काही तुझ्या ग्रामरमुळे नव्हे.

क्लासचे पैसे वाचले त्यातून एक चांगली पेन्सिल आणि खोडरबर घे.

हो, एक राहिलं. तुझ्या पत्राच्या शेवटी आहे: ‘सावंत साहेबांशी बोलले आहेत, भाड्याचे पैसे आता ते भरणार आहेत.’ मी बाण काढून पाहिला. एक सावंतांवर जातो, एक साहेबांवर. नक्की कोण भरतंय? सावंत भरत असतील तर मला पुन्हा लिही, त्या बाबतीत मला वेगळं काही सांगायचंय.